दुसरं नाक

३ फेब्रुवारी, सोमवार
लेकीने फोनवर बजावलं, कुत्र्याला वास शोधायला शिकवायचं तर रोज वहीत लिहायचं. तारीख, काय लपवलं, सापडलं का. म्हणून ही वही. साबणवाल्या कंपनीने लाँड्रीत फुकट वाटली होती. चौथीनंतर सहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पण वाचणार कोण आहे?

कारण लिहून ठेवते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत शेवटचं टेबल माझं. ड्रायरमधून चादर आली की नाकाला लावायची. स्वच्छ असली तर घडी घालून डावीकडे, कुबट असली तर परत मशीनला. एकवीस वर्षं. दहावी झालेल्या बायका तळघरात गाठोडी उचलतात आणि मी वर टेबलाला, ते या नाकाच्या जोरावर. गेल्या महिन्यात लहान मुलांच्या वॉर्डातून चादरी परत आल्या. कुबट वास मारतात म्हणे. सुपरवायझर म्हणाली, मावशी, पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला गाठोड्यांवर पाठवावं लागेल. मी म्हटलं, वॉर्डातच ओल असेल, भिंती बघा आधी.

माझं नाक ठीक आहे. मागच्या मार्चच्या तापापासून जरा सर्दी राहिली आहे, एवढंच. पण माणसाजवळ दोन नाकं असली तर बिघडलं कुठे?

४ फेब्रुवारी, मंगळवार
कुत्र्याबद्दल. लेक परगावी नोकरीला गेली आणि हे ध्यान आमच्या गळ्यात बांधून गेली. तिने त्याचं काहीतरी फॅशनचं नाव ठेवलं होतं. मी पोत्या म्हणते. टाकलं तिथे पडून राहतो.

लेकीची पद्धत: पाच रिकामी खोकी ओळीने मांडायची. आठवडाभर नुसतं बिस्किट लपवायचं, कुत्र्याला शोधायची गोडी लागू द्यायची. मग बिस्किटाशेजारी वासाची वस्तू. मग नुसती वस्तू. सापडली की त्याने समोर बसायचं आणि आपण लगेच बिस्किट द्यायचं. लगेच म्हणजे लगेच. नाही दिलं तर शिकलेलं विसरतात, असं तिने तीनदा सांगितलं.

गोडी लावायला आठवडा? माझं लग्नसुद्धा एवढ्या वेळात ठरलं नव्हतं. एका दिवसात उरकलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
परत आलेल्या एका चादरीचा वीतभर तुकडा कापून आणला. बरणीत घालून झाकण लावलं. स्वयंपाकघरात फळीवर ठेवली.

प्लॅन असा. २४ तारखेला मेट्रन स्वतः लाँड्री बघायला येणार आहे. तोवर पोत्या तयार. टेबलाखाली पडून राहील. मी चादर खाली धरायची, तो बसला तर परत मशीनला. कोणाला कळायचंही नाही. टेबलाखाली पोतं पडलेलंच असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी सहा
बसला! तिसऱ्या खोक्यासमोर, मुकाट्याने, माझ्याकडे बघत. ह्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. कुत्रा घाबरून पलंगाखाली. ह्यांना सांगितलं, उद्यापासून तुम्ही गॅलरीत बसा.

९ फेब्रुवारी, रविवार
पाचपैकी पाच. बिस्किट न ठेवता, नुसत्या चिंधीवर. लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, घाई करू नकोस. तिला काय कळतंय. लाँड्रीतल्या इस्त्रीवालीलाही सांगून टाकलं की आमचा कुत्रा अधिकाऱ्याच्या लायकीचा आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चहाला हल्ली चवच नसते. ह्यांना विचारलं, पावडर बदललीत का? तीच आहे म्हणाले. खोटं.
दूध करपलं. शेजारीण धावत आली, अहो किती धूर, म्हणाली. मी शेजारीच उभी होते, पण माझी पाठ होती.
आज ह्यांनी सगळी फळी आवरली. बरण्या घासून लख्ख. रिटायर झाल्यापासून माणसाला दुसरा उद्योग नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शून्य. पाचही खोक्यांवरून नाक फिरवलं आणि सरळ दाराशी जाऊन खुंटीखाली बसला. खुंटीवर त्याचा पट्टा असतो आणि माझा कामावरचा अ‍ॅप्रन. पट्टा काढला, फिरवून आणलं. साधा पाय वर केला नाही. परत येऊन पुन्हा खुंटीखाली.
हवापालट पाहिजे असेल राजाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तेच. चार वेळा खोकी मांडली, चार वेळा खुंटी. बिस्किटं बंद केली. फुकटचं खाऊन माजलाय.
लेकीने फोनवर विचारलं, आई, चिंधीला वास आहे ना अजून? मी म्हटलं, हे तू मला विचारतेस? मला? मग बरणी उघडून स्वतः हुंगली. चांगली बराच वेळ. बरोबर आहे. तशीच कुबट.

१५ फेब्रुवारी, शनिवार
काही लिहिण्यासारखं नाही. खुंटी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मूड गेला. डबा खायच्या सुट्टीत बायका आता पलीकडच्या बाकावर बसतात. इथे जागा कमी पडते म्हणे. चौघींच्या बाकावर मी एकटी, आणि जागा कमी पडते! मला काय, पाय पसरून जेवले.
घरी हे म्हणाले, तुझा अ‍ॅप्रन उन्हात का नाही घालत, दाराआड ओलाच राहतो. मी म्हटलं, गॅलरीत तुम्ही बसता, मग ऊन कुठे मावणार? रोज रात्री धुते, रोज सकाळी घालते. एकवीस वर्षं कपडे धुणाऱ्या बाईला कपडे शिकवू नका. पुन्हा गॅलरीत जाऊन बसले. बोलायला तोंड उघडतात आणि मिटतात, अर्धं आयुष्य असंच गेलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आज घरी पोचायला उशीर. अ‍ॅप्रनही न काढता खोकी मांडली. म्हटलं, कुत्र्याला कळावं म्हणून आपणच बरोबर खोक्यामागे उभं राहावं. पोत्या आला आणि थेट बसला! चौथ्या खोक्यासमोर, माझ्या पुढ्यात, माझ्याकडे बघत. चिंधी चौथ्यातच होती.
त्याच्यातलं कसब बाहेर काढायला मीच मागे उभं राहायला हवं होतं. लेकीच्या पद्धतीत हे नव्हतं. ही माझी पद्धत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सहापैकी सहा. दुसऱ्या खोक्यामागे उभी राहिले, दुसऱ्यापुढे बसला. पाचव्यामागे, पाचव्यापुढे. एवढी अचूक नजर, म्हणजे नाक. बिस्किटं पुन्हा चालू.
ह्यांनी सुचवलं, तू पहिल्यामागे उभी राहा आणि चिंधी तिसऱ्यात ठेव, मग बघू. मी म्हटलं, मुद्दाम गोंधळ कशाला घालायचा त्याचा?

२२ फेब्रुवारी, शनिवार
इस्त्रीवालीने सांगितलं, मेट्रन या वेळी नुसत्या चादरी बघणार नाही, टेबलवरच्या बाईला समोर चादर हुंगायला लावणार. मी म्हटलं, लावू दे.
जेवले नाही. भूकच नव्हती. हल्ली जेवण म्हणजे नुसतं चावायचं काम.
सुपरवायझरला गाठून सांगितलं की सोमवारी मी कुत्रा आणते. मेट्रनला म्हणावं, एकवीस वर्षांचं नाक आणि त्याने तयार केलेलं दुसरं नाक, दोन्ही बघून घ्या. ती म्हणाली, मागच्या अंगणात बांधा, आत नको. मावशी, कशाला हा त्रास, असंही म्हणाली. तिला धास्ती असणार, कुत्र्याने तिचीच चूक काढली तर?

२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी साडेपाच
पोत्याला आंघोळ घातली. अ‍ॅप्रन नेहमीसारखा धुतलेला. आज दाखवते.

त्याच दिवशी, दुपारी
लिहून टाकते, म्हणजे सुटेन.
मागच्या अंगणात बाकावर सकाळच्या चादरींच्या पाच थप्प्या लावल्या. माझ्याच हातून गेलेल्या. मेट्रन होती, सुपरवायझर होती, लाँड्रीतल्या सगळ्या बायका कामं टाकून आल्या. मी आधीच सांगून ठेवलं, सगळ्या स्वच्छ आहेत, तेव्हा हा कुठेच बसणार नाही, आणि हा बसला नाही म्हणजे स्वच्छ. याची चूक होत नाही, मी स्वतः तयार केलाय.
सोडला. पहिली थप्पी हुंगली, पुढे गेला. दुसरीपुढे बसला.
मी ओरडले, ऊठ मेल्या. तो माझ्याकडे बघून शेपटी हलवायला लागला, बिस्किटासाठी. मेट्रनने वरची चादर उचलली, नाकाजवळ नेली आणि लगेच लांब धरली. मग सुपरवायझरकडे दिली. तिने हुंगलीच नाही, नुसती घडी घातली. माझ्याकडे दिली. मी हुंगली. मी म्हटलं, काही नाही हो.

तेवढ्यात पोत्या उठला, उरलेल्या तिन्ही थप्प्या सोडून सरळ माझ्याकडे आला आणि माझ्यापुढे बसला. अगदी शिकवल्यासारखा. मी हसले. म्हटलं, बघा, मालकिणीवर जीव आहे त्याचा. बायकांपैकी कोणी हसलं नाही. एकीने पदर नाकाला लावलेला होता तो पटकन खाली घेतला.
इस्त्रीवालीने मला हाताला धरून नळाकडे नेलं. म्हणाली, मावशी, रागावू नका, तो बरोबर बसलाय. अ‍ॅप्रनला वास येतो. कधीपासून, विचारलं. ती नळ चालू-बंद करत राहिली. मग म्हणाली, बरेच महिने झाले, तुम्हाला कोण सांगणार, तुम्ही टेबलवाल्या.

संध्याकाळी
उद्यापासून तळघरात, गाठोड्यांवर. सुपरवायझर म्हणाली, तिथे नाक नसलेलंच बरं, मावशी. चांगल्या मनाने म्हणाली. तेच जास्त लागलं.
टेबलाला तळघरातल्या एका दहावीवालीला उभं केलं. जाताना बघितलं, चादर नाकाला लावताना डोळे मिटते. मी पण मिटायची.
घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे गॅलरीतून उठून आत आले, खाली बसले आणि कबूल झाले. फळी आवरली त्या दिवशी बरणीतून भयंकर वास येत होता. ह्यांना वाटलं, चिंधी धुवायची मी विसरले असेन. म्हणून साबणाने दोनदा धुतली, गॅलरीत वाळवली, घडी घालून परत बरणीत ठेवली. म्हणजे त्या दिवसापासून मी कुत्र्याला स्वच्छ चिंधी शोधायला लावत होते आणि तो मला खुंटी दाखवत होता. मी विचारलं, आधी का नाही बोललात? म्हणाले, दोनदा सुरुवात केली होती.
अ‍ॅप्रनबद्दल विचारलं, तुम्हालाही येत होता? हे पोत्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
तळघरातही अ‍ॅप्रन लागतोच. सकाळी गरम पाण्यात बुडवला, घासला, पुन्हा बुडवला. ह्यांची खुर्ची आत ओढून गॅलरीत उन्हात घातला. सकाळपुरता इस्त्रीवालीचा मागून घेतला, सुट्टीत घरी येऊन माझा उन्हातून काढला. ह्यांना हुंगायला दिला. छान आहे म्हणाले, एकदम छान. हे माझ्या स्वयंपाकालाही रोज छान म्हणतात, आणि मी अकरा महिने मीठ अंदाजाने घालते आहे.
मग जमिनीवर अ‍ॅप्रन पसरला. खोकी नाहीत, काही नाही. मी मुद्दाम लांब, भिंतीला टेकून उभी राहिले. पोत्याला बोलावलं.
आला. एका टोकापासून सावकाश हुंगत गेला. कमरेच्या बंदाशी, जिथे गाठ मारते तिथे, थांबला.
बसला. माझ्याकडे बघत.
बिस्किट दिलं. लगेच द्यावं लागतं, नाहीतर शिकलेलं विसरतात.