नाडीच्या वरची जागा

माय, तुझ्यासारखीच साखर मलाही निघाली, त्यात वजनही वाढलेलं, म्हणून दर शुक्रवारी सकाळी पोटात सुई टोचून घेते. तुला रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं, माझं औषध वेगळं, आठवड्यातून एकदाच. तरी कुरकुर माझीच जास्त. मध्यंतरी सुईच्या जागी लाल चट्टा उठायला लागला आणि अशी खाज सुटायची की जळगावच्या बाजारात भाजी घेतानाही हात पदराआड तिथेच. औषध बंदच करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याआधी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पोट बघितलं नि विचारलं, "नेमकं परकराच्या नाडीजवळच का टोचता?" मला तूच आठवलीस. तू तिथेच घ्यायचीस ना. धरणगावच्या घरी आंघोळ झाली की स्वयंपाकघरात यायचीस, नाडी जरा सैल करायचीस. बाहेर तुझे सासरे बसलेले, पोट उघडं न टाकता काम उरकायला हवं. वरून तळहाताने खसाखसा चोळायचीस. रोज तिथेच का, दुखत नाही का, विचारलं की म्हणायचीस, "आठे दुखस नही वं पोरी."

बाई म्हणाल्या, दर वेळी तीच जागा, स्पिरिट वाळायच्या आत सुई, वर चोळणं, त्यात दिवसभर नाडी घासतेय. कातडी तक्रार करणारच. आता मी जागा बदलते, कधी मांडी, कधी पोटाची दुसरी बाजू. औषधाचं पेन फ्रिजमधून थोडं आधी काढते, चोळत नाही, लाली आलीच तर गार पाण्याची घडी ठेवते. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर मात्र थेट दवाखाना, हे त्यांनी बजावून सांगितलंय. चट्टा गेला.

मग तुझ्या गाठीबद्दल विचारलं. त्याच जागी आलेली लिंबाएवढी मऊ गाठ, सुईचा घट्टा म्हणून आपण सोडून दिलेली. त्या म्हणाल्या, एकाच जागी टोचून अशी गाठ होते, तिथे दुखत नाही, पण तिथलं इन्सुलिन अंगाला नीट लागतही नाही. माय, मी त्यांच्यासमोरच रडले. साखर उतरेना की तू म्हणायचीस, "मन्ही जीभच वाईट शे." आखाजीच्या सणाला आम्हा लेकींसाठी खापरावर पुरणाचे मांडे करायचीस नि स्वतः भाकरीचा तुकडा मोडायचीस. तरी दोष जिभेलाच. जिभेचा नव्हता गं, निदान सगळा तरी नव्हता. तुझं पोट कुणा डॉक्टरने हात लावून बघितलं नाही, आणि तू दाखवणारी नव्हतीस.

एवढंच सांगायला लिहायला बसले, पण पाठवू कुठे. औषध चालू ठेवलंय. नव्या जागी सुई चांगलीच टोचते, आणि टोचली की तोंडातून "माय वं" निघतं. खरं सांगू, त्या हाकेसाठी मी शुक्रवारची वाट बघते.