सुलाबाईंच्या डोंगलचा पिन

मंगळवार, ११ मार्च. सायंकाळी ६.

आज घडले ते असे:

१. कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावात सरपंच व महिला सदस्यांना आर्थिक व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षक मी.
२. सरपंच सुलाबाई. त्यांच्या डिजिटल सहीचा डोंगल मात्र पती लालासाहेब (निवृत्त हवालदार) यांच्या मोटारसायकलच्या किल्ल्यांना अडकवलेला. पिनही त्यांनाच पाठ.
३. मी डोंगल व जुना पिन मागून घेतला. सर्व पतींना बाहेर व्हरांड्यात बसवले.
४. पिन बदलण्यात आला.
५. नवा पिन चालेना. पुन्हा पुन्हा चुकल्याने डोंगल लॉक झाला.
६. गावच्या पाण्याच्या मोटरच्या दुरुस्तीचे बिल आज याच सहीने जाणार होते. गेले नाही. मोटर दुरुस्त होऊन कवठ्याच्या दुकानातच पडून आहे.

क्र. ४ कोणी केले, ते उद्या सविस्तर लिहीन.

बुधवार, १२ मार्च.

सविस्तर. सुलाबाई एक एक अक्षर शोधत होत्या. जेवणाची वेळ टळत होती. मी म्हटले, द्या इकडे. पिन मी टाकला. माझ्या नेहमीच्या पद्धतीचा, मजबूत. पाच मिनिटांनी त्यातले मोठे (कॅपिटल) अक्षर कुठले, ते आठवेना. पिन मजबूत असल्याचे हेच लक्षण.

त्याच्या जरा आधी मी सातवी स्लाइड दाखवली होती: ज्याची सही, त्यानेच पिन टाकावा. स्लाइड बरोबर आहे.

लालासाहेब आत आले तेव्हा म्हणाले, "बघा म्याडम, काय म्हणत हुतो मी? हिला मिक्सर चालू करताना दोनदा इचारावं लागतं, आन् तुमी गावाची तिजोरी दिली हातात!" सुलाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. नीट गुंडाळली.

निश्चय: उद्या लालासाहेबांना फोन करून खरे सांगणे.

गुरुवार, १३ मार्च.

फोन केला नाही. आज होळी, सणाच्या दिवशी बरे नाही. अहवाल मात्र पाठवला: 'पिन बदलताना तांत्रिक अडचण उद्भवली.' यात खोटे काही नाही.

नव्या डोंगलचा अर्जही केला. दहा-बारा दिवस लागतील. तोवर गावाला टँकर, दिवसाआड.

शनिवार, १५ मार्च.

ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर लालासाहेबांचा मेसेज: "टँकर का लागला, ते सरपंच बाईंना इचारा." खाली हसणारे सतरा चेहरे. मी एकही टाकला नाही.

मेसेज लिहिला. खोडला. अशा गोष्टी समक्ष सांगाव्यात. पुढच्या आठवड्यात जाईन.

सोमवार, १७ मार्च.

उंब्रजला प्रशिक्षण. सातव्या स्लाइडवर एका सदस्याने विचारले, "आन् पिन इसरला तर?" मी म्हटले, त्याची प्रक्रिया आहे. अभिप्राय उत्तम आले. एकूण घडी बसते आहे.

संध्याकाळी कळले: शुक्रवारच्या ग्रामसभेत सुलाबाई राजीनामा देणार. कारण: तब्येत. मजकूर लालासाहेबांनी लिहून ठेवला आहे.

यात माझा थेट संबंध नाही. सुलाबाई स्वतः बोलू शकत होत्या. बोलल्या नाहीत, म्हणजे कदाचित त्यांनाच पद नको असेल.

हे वाक्य परत वाचले. खोडत नाही. राहू दे समोर.

मंगळवार, १८ मार्च. सकाळी ९.

सुलाबाईंचाच फोन आला. मागे टँकरचा आवाज, बायांचा गलका.

"आवं म्याडम, बऱ्या हाय न्हवं?"

मी म्हटले, तुम्हीही तेव्हाच सांगायला हवे होते.

"मी सांगू? कुणाची बोटं चालत हुती ते आत बसलेल्या समद्या बायांनी बघितलंय. मीच गप बसवल्यात्या. म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, आज न्हाई तर उद्या आपल्या तोंडानं सांगंल. सात दिस झालं. घरात रोज ऐकतीया मी. आता राजीनाम्यावर सही करायची हाय. तिला डोंगल लागत न्हाई, म्याडम. हातानं हुतीया."

मी माफीचे काही बोलू लागले. त्यांनी मला थांबवले. "मला कशाला सांगताय? मला ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाई, त्यास्नी सांगा. ठेवते, नंबर आला माझा."

सकाळी ९.४०. आधी दुरुस्त अहवाल कार्यालयाला मेल केला. मग मेसेज पाठवला. चौथा मसुदा. पहिल्या तिन्हींत 'तांत्रिक' हा शब्द होता.

"श्री. लालासाहेब यांस,
डोंगलचा पिन सुलाबाईंनी नाही, मी बदलला आणि मीच विसरले. त्यांची काहीही चूक नाही. अहवालात मी हे लपवले होते. आज तो दुरुस्त करून कार्यालयाला पाठवला आहे. शुक्रवारी राजीनामा वाचला जाण्याआधी मला ग्रामसभेसमोर हे स्वतः सांगायचे आहे. मी किती वाजता यावे, ते गुरुवार, २० मार्चपर्यंत कळवावे.
शिवांजली, प्रशिक्षक"