घोडपागेतला राजेशाही मुक्काम

खामगाव,
रविवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय पंजाबराव यांस,

एका बाकावर बसून तुझी पाटी पुसणाऱ्या शरच्चंद्राचा मनापासून नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असणारच. बुलढाण्याची हवा आणि नवा बंगला एकदम मिळाल्यावर माणसाला आजारी पडायला सवड कुठली! तानुबाई वहिनींच्या गुडघ्याला आता उतार असावा. (सुलभा म्हणते, एरंडाचं पान गरम करून बांधा. मी म्हणतो, जिना कमी चढा. एका बंगल्याला दोन जिने कशाला लागतात हे मला अजून समजलेलं नाही, पण ते असू दे.) फोन असताना पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मधे बोलतोस, म्हणून.

तर आम्ही महालात राहून आलो! सुलभाच्या मनात लग्नापासून होतं, की एक रात्र तरी महालात झोपायचं. लग्नानंतर मी तिला ज्या दोन खोल्यांत आणलं त्याच खोल्यांत आम्ही अजून आहोत, तेव्हा मागणी काही अवाजवी नव्हती. लोणारच्या बाजूला एका जुन्या सरदार घराण्याच्या महालाचं हॉटेल झालंय, ते आमच्या चिन्मयने पुण्याहून फोनवर पाठवलं. झुंबरं पाहिली, अंबारी पाहिली, मग दर पाहिले आणि चष्मा पुसला. पण भूगोलाचा मास्तर नकाशा कोपऱ्यापर्यंत बघतो. अगदी तळाशी 'अश्व कक्ष' नावाची खोली आपल्या ऐपतीत होती. नावावरून ती घोडदळाच्या सरदारांची असणार असा माझा अंदाज, आणि तो थोडक्यात चुकला. तिथे सरदार नव्हे, त्यांचे घोडे राहायचे.

खोली मात्र ऐसपैस. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच ठेवल्यात, त्यांना दोरी बांधून सुलभाने माझी बनियन वाळत घातली. गव्हाणीवर काच टाकून टेबल केलंय. मी म्हणालो, ज्याचे घोडे असे राहायचे तो राजा कसा राहत असेल! ती म्हणाली, तेच बघायला आले होते मी. (एवढंच बोलली. पण बायको थोडं बोलली की जास्त लागतं, हे तुलाही माहीत आहे.)

तिथली साधी डाळही परवडणारी नव्हती, पण ती तजवीज मी आधीच केलेली. कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा सुलभाच्या पिशवीत साड्यांखाली होता. दारामागे पाटी होती, की बाहेरचं अन्न आढळल्यास खोली तत्काळ रिकामी करावी लागेल. असल्या पाट्या सावध माणसांसाठी नसतात. दिवेलागणीला आम्ही कडी लावून गव्हाणीवर जेवायला बसलो. ठेच्याच्या वासाला मात्र कडी लावता येत नाही. पहिला घास घेतला आणि दारावर थाप पडली.

दार उघडलं तर एक उंच, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाई काठी टेकून उभ्या. त्या महालाच्या मालकीणबाई, सरस्वतीबाईसाहेब, आमच्या खोलीच्या अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. मागे त्यांचा नातू हर्षल, जो हॉटेल चालवतो आणि ज्याने ती पाटी लावली. सुलभाचा चेहरा एवढासा झाला. जिने इतकी वर्षं वाट पाहिली ती आता पिशवी उचलून रस्त्यावर येणार, आणि तेही माझ्या हुशारीमुळे. मला खरंच वाईट वाटलं. सगळा दोष माझा, असं खंबीरपणे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यात भाकरी होती.

बाईसाहेब म्हणाल्या, "काऊन वो, ठेचा कोनं केला?"

सुलभा म्हणाली, "मी."

"मंग सरका जरा."

आणि त्या आमच्या पलंगावर बसल्या! दीड भाकरी खाल्ली. नातू त्यांना रोज बिटाचं सूप देतो म्हणे. "माह्या घरात मलेच ठेचा भेटत नाही, अन् हे पोरगं जगाले पाट्या लावून राह्यलं," असं त्या त्याच्यादेखतच म्हणाल्या. मग सुलभाचा हात धरून तिला वर स्वतःच्या खोलीत झोपायला घेऊन गेल्या, झुंबराखाली. मी खाली कड्यांच्या सोबतीला राहिलो. खोलीचं निम्मं भाडं वाया गेलं असं मी मुळीच समजत नाही.

सकाळी त्यांनी सुलभाची खणानारळाने ओटी भरली. निघताना मी आपलं म्हणालो, "या एकदा आमच्याकडे, पिठलं-भाकरी खायला." असं आपण एसटीच्या कंडक्टरलाही म्हणतो. कोणी येत नाही, ही खात्री असते म्हणून तर म्हणतो. बाईसाहेब म्हणाल्या, "येतो. दोन दिस राहतो. इतके लोक येतात, फोटो काढतात, निंघून जातात. या म्हनून कोनं म्हनलं नाही मले आजवर."

एकंदरीत मुक्काम यशस्वी. माणूस आहे तसा वागला, बडेजाव केला नाही, की राजेरजवाडेही आपले होतात. वर्गात मी हेच शिकवत आलो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापा.

तुझाच,
शरच्चंद्र

ता. क. बाईसाहेब शनिवारी येताहेत. "घर केवढं हाय?" असं त्यांनी विचारल्यावर मी वर्णन केलं: दोन जिने, गॅलरी, पुढे मोगरा. बोलताना तुझा बंगला डोळ्यांसमोर आला, त्याला माझा इलाज नाही. गावाचं नाव सांगितलं नाही, हा माझा दूरदर्शीपणा. तेव्हा दोन दिवस बंगला दे. दारावरची तुझ्या नावाची पाटी मी जपून काढीन.

आणखी ता. क. तोवर तुम्ही दोघं आमच्या खोल्यांत राहा. इथे जिना नाही, वहिनींच्या गुडघ्याला बरं.

भाऊजी, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बंगला राहू द्या. आमच्या दोन खोल्या आणि एक पलंग, हे मी निघतानाच त्यांना बाजूला घेऊन सांगून टाकलंय. त्या म्हणाल्या, "मंग तं येतोच. माह्या घरात हाक मारली तं कोनाले आयकू जात नाही." पलंगावर आम्ही दोघी झोपू. तुम्ही फक्त शनिवारी येऊन यांना दोन दिवस घेऊन जा. ठेचा मी डब्यात देते.
– सुलभा