बावड्याचे कॅप्टनसाहेब

८ जानेवारी १९९५, रविवार

बावड्याला जाऊन आले. मेघनासाठी संदेशचं स्थळ. मुलगा बरा वाटला — तलाठी आहे, विचारलं तेवढंच बोलतो. पण समोरच्या भिंतीवर तीन मोठे, हाताने रंगवलेले फोटो! मुलाचे आजोबा म्हणे कॅप्टन. एकात पोलोच्या घोड्यावर, दुसऱ्यात गव्हर्नरच्या मेजवानीत मडमेशेजारी, तिसऱ्यात क्लबच्या पायऱ्यांवर छडी घेऊन. मुलाचे वडील मोहनराव चहा निवेपर्यंत त्यांचीच कीर्ती सांगत होते. महायुद्धात ब्रह्मदेशात गेले, परत आले नाहीत. मोहनरावांची आई सिंधुबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या.

आपल्या समाजातला, शेजारच्या तालुक्यातला कॅप्टन — आणि मी कधी नाव ऐकलं नाही?

१० जानेवारी

वर्गात कॉपी पकडायचे, तसंच झालं. तिन्ही फोटोंत चेहरा एकच. माणूस एक असणारच, पण हा चेहराच एक — मानेचा तोच कल, तीच नजर. मडम उजवीकडे बोलतेय आणि साहेब डावीकडे बघतोय!

मेघना म्हणते, "मावशी, लग्न मला संदेशशी करायचंय, भिंतीशी नाही." तोंडाळ झालीय. आई गेल्यापासून मी वाढवलीय तिला. पहिल्याच भेटीत खोटं सांगणाऱ्या घरात देणार नाही. चौकशीआधी होकार नाही.

११ जानेवारी

फोटोच्या कोपऱ्यात बारीक सही होती — सोनबा पेंटर, इंदापूर. रविवारी जाते.

१५ जानेवारी

सोनबा आहेत. नजर गेलीय, आठवण पक्की. आढेवेढे न घेता सांगितलं. पुण्याच्या लष्कर भागातला एक स्टुडिओ बंद झाला, तिथून कुण्या साहेबाचे फोटो यांनी उचलून आणले. धड साहेबाचं, डोकं यांनी बसवलं. गेलेल्या माणसाला लोक कोट-टाय घालून मागायचे, सिंधुबाईंनी पट्टे-पदकं मागितली. नवरा साधा शिपाई होता.

मग डोकं तरी त्यांच्या नवऱ्याचं ना?

"कुठलं! त्येचा फोटूच न्हवता. पोराचा मॅट्रिकच्या फार्माचा हुता, त्येलाच मिशा काढल्या."

म्हणजे मोहनराव इतकी वर्षं स्वतःच्याच चेहऱ्याला हार घालतायत! हसू यायला हवं होतं, आलं नाही. तरी खोटं ते खोटंच. पुढच्या रविवारी त्यांना बोलावलंय. तोंडावर विचारणार.

२२ जानेवारी

मोहनराव एकटेच आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, मला मिशी फुटली त्याच वर्षी आरशात कळलं."

मग पाहुण्यांपुढे एवढी कीर्ती कशाला, मी विचारलं.

"आई बसलेली असती ना तितं. तिला वाटतं मला ठावं न्हाय. बिन-बापाचा म्हणून पोरं चिडवायची, तवा माज्यासाठी केलंय तिनं. तुमाला खरं सांगणारच हुतो, पर तिच्याम्होरं कसं सांगू?"

मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

२९ जानेवारी

होकार देऊन आले. मोहनराव पेढे आणायला गेले, तेवढ्यात मी सिंधुबाईंशेजारी जाऊन बसले. त्यांना बरं वाटावं म्हणून विचारलं, कॅप्टनसाहेब घोड्यावर बसायला कुठं शिकले?

त्यांनी दाराकडे बघितलं. "घोडा कशाचा, बाई? शिपाई हुते त्ये. मोहनला लई अभिमान हाय, म्हून गप बसून ऐकती. तेवढं त्याला सांगू नगा."