किमला लाल ठिपका

वांदो बेट, ५ जानेवारी

चि. इनग्यू यास आत्याचे आशीर्वाद, या खेपेला जरा हात आखडून.

कुठलं अन्न हवा किती बिघडवतं याचा तुमच्या कार्यालयाने केलेला तक्ता काल शाळेत लागला. दुधाला हिरवा ठिपका, आपल्या किमला लाल. किलोला किलो लावून मोजलंत म्हणे. अरे शहाण्या, समुद्रातलं शेवाळ वाळवून कागदासारखी पानं करतो आम्ही. किलोभर किम जेवायला कोण बसतं? तुझा बाप हयात असताना चांगला खाणारा, त्यालाही महिनोन् महिने पुरायचं. दुधात निम्म्याहून जास्त पाणीच. पाण्याला शाबासकी आणि वाळवणाला शिक्षा, एवढ्यासाठी तुम्हाला पगार देतात का? शाळेने पोरांच्या जेवणातलं किम बंद केलंय. माझ्या वाळवणीवरच्या बायका घरी बसल्यात.

आलास तर भात वाढीन. किमची आशा धरू नकोस.

तुझी आत्या मालसुन

सोल, १४ जानेवारी

ती. आत्यास इनग्यूचा नमस्कार, कान धरून.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं, पगाराचं वाक्य गाळून. किलोने सोपं पडतं, असं ते दोन दिवस म्हणत राहिले. शेवटी ताटात वाढतात तेवढ्यावर मोजायचं ठरलं. किम हिरवं झालं.

पण शाळेला आता किम घ्यायला एकच वाळवणी निवडायची आहे, म्हणून प्रत्येकीचं इंधनही मोजणार. तू सख्खी आत्या, तेव्हा तुझ्याकडे मी येणार नाही, दुसरा माणूस येईल. तुझी भट्टी तेलावरची, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

राग ठेव, पण माया कमी करू नकोस.

तुझा इनग्यू

वांदो बेट, २ फेब्रुवारी

चि. इनग्यू यास पुरेपूर आशीर्वाद.

शाळेचं काम शेजारच्या ओकनामला मिळालं. तिची नवी वाळवणी विजेवर, माझी भट्टी धूर ओकणारी. बाई माझं सांत्वन करायला आली, ओठांत हसू दाबून. तुझ्या माणसाचा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला. खोट सापडली असती तर सुखाने शिव्या दिल्या असत्या. तेवढंही सुख ठेवलं नाहीत.

भट्टी मोडीत काढली. बायकांना ओकनामकडे लावलं, सोमवारपासून मीही जाते. तिला पान पातळ पसरता येत नाही, आणि ते पोरांच्या ताटात जाणार. मला ते बघवणार नाही.

सणाला ये. किम तिच्याकडचं असेल. जाड आहे, नीट चावून खा.

तुझीच आत्या