दादाच्या अंगठ्याचा वेग

ता. १४, गुरुवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. वहिनींचा गुडघा आहे तसाच आहे, माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालू आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फेकायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

मोठी बातमी अशी की दादा पुन्हा लिहायला लागला, त्याच एका अंगठ्यानं. माझ्याच जुन्या प्रोग्रामवर. जुना कॉम्प्युटर मेल्यावर "तुझं ते भंगार आता कुठेच चालणार नाही," असं तू दारात चपला घालताना म्हणाला होतास. चाललं.

दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये मी एक नकली जुना कॉम्प्युटर उभा केला. एम्युलेटर म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण वहिनी हे पत्र वाचूनच पाकिटात घालणार, म्हणून फोड करून लिहितो. त्यात कोडचा प्रोग्राम करून देणारा तो निळ्या पडद्याचा कंपायलर चढवला. मूळ कोडची फ्लॉपी आणि ती वाचणारं यंत्र दोन्ही माळ्यावर निघालं. हो, तोच माळा, तू ज्याला अडगळ म्हणतोस. दादाच्या अंगठ्याखालचं बटण लावायची खाच नव्या मशीनला नाहीच. मग एक माउस उघडून डाव्या क्लिकच्या जागी बटणाच्या तारा डाग देऊन जोडल्या.

सुरू केलं तर अक्षरांवरून सरकणारी चौकट दिसेचना. एका झटक्यात सगळ्या अक्षरांच्या पार! चौकट थांबावी म्हणून मी तेव्हा कॉम्प्युटरला नुसतं रिकामं मोजायला लावलं होतं. मोजून झालं की पुढचं अक्षर. जुना बिचारा मोजता मोजता दमायचा, तेवढ्यात दादा बटण दाबून हवं ते अक्षर उचलायचा. हा नवा पापणी लवायच्या आत मोजून मोकळा.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, नव्यानंच लिहा की!"

नाही लिहिलं. दादाचा हलतो तो एक अंगठा, आणि तो चौकट सरकतानाच्या टकटकीच्या चालीला बसलेला. ती चाल जशीच्या तशी आणायची, हा माझा हट्ट. वेग उतरवत उतरवत अगदी जुन्या मशीनइतका केला. तरी दादा बटण दाबेना.

"अजून हळू करू का रे? हो असेल तर डोळे मीट."

डोळे टक्क उघडे.

"मग काय, जोरात?"

मिटले. वर गालातल्या गालात हसला. वेग वाढवला, तसा अंगठा चालू लागला. म्हणजे इतकी वर्षं तो माझ्या प्रोग्रामसाठी थांबत होता आणि मी समजत होतो, प्रोग्राम त्याच्यासाठी थांबतोय.

जुना कॉम्प्युटर गेल्यावर तू आणलेलं बोलकं मशीन वाईट नव्हतं. आवाज तर छानच. पण ते दादाचं वाक्य त्याच्या आधी पुरं करायचं. त्यानं 'पा' लिहिलं की हे बोलून मोकळं, "पाणी हवं आहे, धन्यवाद." दादा आणि धन्यवाद! चार दिवसांत तो काउंटरवरच्या माणसासारखा सभ्य झाला आणि मग त्यानं अंगठाच उचलला. तुला वाटलं, तुझी भेट झिडकारली. मशीन काखेत मारून निघालास. त्यानंतर घरात दादाचा शब्द नव्हता.

त्यानं पहिलं काय लिहिलं, ते वहिनी म्हणतात आधी लिहायला हवं होतं. मी टाळत होतो. त्यानं लिहिलं, "मधल्या, जमलंय. पण मुकं आहे. धाकट्याचा आवाज जोड."

तुझं मशीन इथे नाही, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरमधलाच एक आवाज जोडून पाहिला. माझी अक्षरं मीच ठिपके मांडून काढलेली, प्रत्येक अक्षराला दिलेले नंबरही माझेच. कुठलाही आवाज त्यांना ओळखत नाही. नकली मशीनमधून ती बाहेर काढून आवाजाच्या हाती कशी द्यायची, ते मला येत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, जपून ठेव. सोबत तक्ता आहे. डावीकडे माझे नंबर, उजवी बाजू तुझ्या मशीनच्या नंबरांसाठी कोरी.

रविवारी ये. मशीन आण. नाही आलास तरी मी हे जोडणारच, वर्ष लागलं तरी. पण तेवढा दम दादाला नाही.

मागे टकटक चाललीय, तुलाच काही लिहितोय. थांब, झालं. जसंच्या तसं उतरवतो: "गाढवा, ये. धन्यवाद म्हणणार नाही."

माळ्यासकट तुझी वाट पाहणारा,
मधला