संमतीपत्रातला परका ल

मी, संयोगिता बाळासो इंगवले, वय एकसष्ट, व्यवसाय ग्राफिक डिझाइन, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, दवाखान्याच्या खोलीत, माझ्या हाताने लिहिते. उद्या सकाळी हृदयाचे ऑपरेशन आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, इथल्या डॉ. अनुजा यांचा तसा दाखला जोडला आहे. दाखला का लागला, ते आधी सांगते.

गेल्या मंगळवारी अँजिओग्राफीनंतर मी खाटेवर पडून होते. माझी स्टुडिओतली भागीदार सबिना औषधे आणायला खाली गेली होती. धाकटा भाऊ अमरसिंह आणि त्याचा मुलगा विश्वजित आत आले. विश्वजितने संमतीचे कागद पुढे धरले.

"आत्या, डॉक्टर थांबल्यात. सह्या करून टाका की."

दोन पानांवर सही केली. तिसऱ्यावर पेन थांबले. आधीच्या पानांवर ल आपल्या मराठी वळणाचा होता; या पानावर उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा. एकाच दवाखान्याच्या एकाच फॉर्मात ल असा मध्येच बदलत नाही, म्हणून वाचले. माझ्या घराच्या विक्रीचे सर्व अधिकार मी अमरसिंहला देत होते.

"हे पान दवाखान्याचं न्हाय," मी म्हणाले.

"तुमास्नी गुंगी हाय, आत्या."

असे म्हणून विश्वजितने माझे मनगट धरले आणि पेन कागदावर टेकवले. सलाईनची सुई हलली, चादरीवर रक्त आले. अमरसिंह खिडकीकडे वळला. सबिना दारात आली तेव्हा हात सुटला. जाताना विश्वजित तिला म्हणाला, "ऑपरेशन होऊ दे. मग बघू, कोण कुठं ऱ्हातंय ते."

आता वाटणी.

१. राजारामपुरीचे घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले. वडिलार्जित वीटही त्यात नाही. ते सबिना मौलाली मुजावर हिला देते. तिचे शिरोळचे घर पुरात गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. अमरसिंह पावण्यारावळ्यांत सांगत फिरतो, "आक्कानं परकी बाई घरात घेतलीया." मला पहिला झटका आला तेव्हा त्याच बाईने रिक्षात घालून आणले. भावाचा फोन बंद होता.

२. स्टुडिओतील सर्व यंत्रे आणि आम्ही घडवलेल्या अक्षरसंचांचे, म्हणजे फॉन्टचे, हक्क सबिनाचे. नावे मात्र दोघींची छापावीत, एकाच आकारात.

३. माझे नाद. एकही फार काळ टिकला नाही. काड्यापेट्यांचे छाप, गुळाची लेबले, एसटीच्या पाट्या, कुस्तीची पोस्टरे. एक सुटला की दुसरा. आई म्हणायची, "ही पोरगी रस्त्यानं चालत न्हाय, वाचत जाती." हे सर्व एखाद्या कलाशाळेला द्यावे. कुस्तीची पोस्टरे तेवढी अमरसिंहला. त्यांत कागलच्या मैदानाचे एक आहे. मी आयुष्यात केलेले पहिले पोस्टर. त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत त्याचे नाव आहे. तेव्हा तो लढायचा.

४. विश्वजितला काहीही नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही.

५. मी गेल्यास चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. ढग, कमळे आणि सोनेरी अक्षरे मी जन्मभर गिऱ्हाइकांना नको म्हणत आले. मेल्यावर माझ्यावरच चिकटवू नयेत.

साक्षीदार दोन लागतात. पहिल्या डॉ. अनुजा, शेजारी बसल्या आहेत. दुसरा मिळत नाही. सबिनाने वॉर्डातल्या लोकांना विचारले. भावकीच्या भांडणात नाव अडकायला नको, म्हणून कोणी आले नाही. अमरसिंह मघापासून बाहेर बाकावर एकटा बसला आहे. सबिना म्हणते, "त्यांना बोलावू नका ताई. फाडतील कागद." फाडेलही. दुसरी प्रत लिहायला हातात बळ नाही. तरी मी त्याला आत बोलावते आहे. आधी वाचायला देईन, मग त्याच्यासमोर सही करीन.

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

लिहून देणार : संयोगिता बाळासो इंगवले (सही)

साक्षीदार :
१. डॉ. अनुजा पट्टणशेट्टी (सही)
२. अमरसिंह बाळासो इंगवले, सख्खा भाऊ (सही)
सगळं वाचलं. आक्का पूर्ण शुद्धीत हाय. सही माझ्यासमोर केली. विश्वजितला काय सांगायचं ते मी बघतो.